कातळाचा कापूस

मी उभ्या आयुष्यात एकच शास्त्रीय खोटेपणा केला, आणि तोही सकाळी साडेदहाला, चहाबिहा पिऊन, पूर्ण शुद्धीत. कुणी दबाव आणला नव्हता, कुणी गळ घातली नव्हती. पडद्यावर तीन बटणं होती, त्यातल्या चुकीच्या बटणावर मी जाणूनबुजून बोट ठेवलं. हे सांगायला मला लाज वाटायला हवी, आणि वाटतेही. पण त्या खोट्याच्या मागोमाग मला जे बघायला मिळालं, ते आमच्या धंद्यातल्या दुसऱ्या कुणाला बघायला मिळालेलं नाही, म्हणून सांगतेच.

मी ज्योत्स्ना घवाळी. राजापूर तालुक्यातल्या एका कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवते आणि पिशवी कोळ्यांवर संशोधन करते. पिशवी कोळी म्हणजे जाळं न विणणारा कोळी. दिवसा पान दुमडून आत रेशमाची पिशवी करायची आणि गप्प पडून राहायचं, अंधार पडला की बाहेर येऊन शिकार करायची, असा त्याचा दिनक्रम. तुमच्या घरात भिंत आणि छत मिळतात त्या कोपऱ्यात पांढऱ्या कापसाचा बोळा दिसतो ना, जो तुम्ही दिवाळीला केरसुणीने काढून टाकता, ते बहुतेक वेळा त्याचंच घर असतं.

वर्गीकरणाच्या बाबतीत या मंडळींनी शास्त्रज्ञांना शंभर वर्षं रडवलंय. पायाला दोन नख्या, रंग फिका, जाळं नाही, आणि दुसऱ्या कुठल्या कुळात धड बसत नाही, असा कोळी दिसला की जुने लोक त्याला या एका कुळात ढकलून मोकळे व्हायचे. प्रत्येक घरात एक खण असतो, ज्यात सुतळी, मेणबत्ती, कशाची ते माहीत नसलेली किल्ली, सगळं जातं, तसं ते कूळ होतं. पुढच्या लोकांनी तो खण उपसायला घेतला आणि एका कुळाची कितीतरी कुळं झाली. माझ्या लाडक्या पिवळ्या पिशवी कोळ्यांनी तर माझ्या डोळ्यांदेखत बिऱ्हाडं बदलली. मी कॉलेजात शिकत होते तेव्हा ते एका कुळात होते, पीएच.डी.ला दुसऱ्या, आणि नोकरी पक्की होईतो तिसऱ्या.

जात ठरवायची तर त्याहून कठीण. कोळी मारून सूक्ष्मदर्शकाखाली घ्यायचा. मादी असेल तर पोटाखालची टिकलीपेक्षा बारीक तबकडी बघायची, नर असेल तर तोंडाजवळच्या आखूड पायाचं फुगीर टोक. एक कुलूप, दुसरी किल्ली. एका जातीची किल्ली दुसऱ्या जातीच्या कुलपाला लागत नाही. पण नर हा भटक्या आणि मादी घरात, त्यामुळे दोघं एकत्र हाती लागतील तर शपथ. म्हणून आमच्या धंद्यात एक चूक पिढ्यान्‌पिढ्या होत आली आहे. नराला एकाने एक नाव दिलं, मादीला दुसऱ्याने दुसरं. दोघं वेगळ्या बाटलीत, वेगळ्या कपाटात, कधी वेगळ्या देशात. एकाच जातीचे नवरा-बायको कागदोपत्री परके. आणि हे उघडकीला आलं की नियम एकच: जे नाव आधी छापलं गेलं ते राहणार, नंतरचं बुडणार. त्यात दयामाया नाही.

आता माझ्या आईबद्दल. आईचं नाव सुभद्रा, वय एक्याऐंशी, शिक्षण चौथी, जीभ धारदार. मी चार वर्षांची असताना वडील मुंबईला गेले ते तिकडचेच झाले. आईने काजूच्या बागांत मजुरी करून मला वाढवलं. तरीही घरावर नाव वडिलांचं, सातबाऱ्यावर वडिलांचं, रेशनकार्डावर वडिलांचं. दोन हजार सतरा साली आईनेच सड्याच्या, म्हणजे गावाजवळच्या कातळपठाराच्या, काठच्या एका काजूच्या पानात दुमडून बसलेली पिवळी मादी मला आणून दाखवली. जगात कुणी तिची नोंद केलेली नव्हती. मी केली आणि तिला आईचं नाव दिलं, चिराकँथियम सुभद्री. आईने त्या निबंधाचं पहिलं पान फ्रेम करून घेतलं. मासळीवालीपासून जनगणनेच्या माणसापर्यंत प्रत्येकाला ती सांगायची, "माझ्या नावाचा कोळी हाय. नवऱ्याचं नाव नाय त्याच्यात, आडनाव नाय, नुसतं सुभद्रा." अख्ख्या जगात फक्त तिचं असं ते एवढंच होतं, आणि हे मला पक्कं माहीत होतं.

त्या जातीचा नर मात्र चोवीस वर्षांत मला सापडला नाही.

गेल्या वर्षी, दोन हजार एक्केचाळीस सालच्या मे महिन्यात, आमच्याकडे रेशीमवाचक यंत्र आलं. सरकारी कागदावर त्याचं नाव दीड ओळीचं आहे, पण काचेच्या चातीवर धागा गुंडाळत वाचतं म्हणून आम्ही सगळे त्याला चरखा म्हणतो. तो चालवायला अन्वर मुकादम आले. वय पंचेचाळीसच्या आसपास, आधी मिरकरवाड्यात बोटींची इंजिनं दुरुस्त करायचे. माणूस शांत आणि हात स्वच्छ.

चरख्याची युक्ती साधी आहे. पिशवी विणताना कोळी धागा पायांनी आणि तोंडाने दाबतो, तेव्हा त्याच्या शरीरातल्या थोड्या पेशी धाग्याला चिकटतात. रेशीम कोरडं, बुरशीला दाद न देणारं, त्यामुळे त्या पेशींतला आनुवंशिक मजकूर वर्षानुवर्षं टिकतो. चरखा तो धागा उलगडत जातो आणि मजकूर विणला गेला त्या क्रमाने वाचतो. कोळी मारायची गरज नाही. रिकामं घर मिळालं तरी पुरे.

पहिल्या आठवड्यात आम्ही एका काजूच्या बागेतल्या पिशव्या वाचल्या. त्या बागेत मी नऊ जाती मोजल्या होत्या, वीस वर्षं मोजून. चरख्याने त्रेसष्ट सांगितल्या. मी खुर्चीत बसले. अन्वरभाईंना वाटलं मला चक्कर आली. त्याच बागेत मी रोज डबा खायला बसायचे, आणि माझ्या डोक्यावरच्या पानापानांत पन्नासच्या वर अनोळखी जाती झोपलेल्या होत्या.

चरख्याचा निकाल आपोआप जगाच्या नोंदवहीत जात नाही. पिशवी कोळ्यांसाठी जगात सात पडताळणीकार आहेत, सह्याद्रीपासून समुद्रापर्यंतच्या पट्ट्याची मी. निकाल आला की तीनपैकी एक बटण दाबायचं: कबूल, नाकबूल किंवा संशय. आणि जगभरचे चरखे एकमेकांना जोडलेले आहेत, आम्ही सात जण जे दाबतो त्यावरून ते शिकत जातात.

नोव्हेंबरातल्या त्या सकाळी पडद्यावर एक जोडपिशवी होती. पिवळ्या पिशवी कोळ्यांत नर कधीकधी मादीच्या खोलीला लागून स्वतःची खोली बांधतो आणि वाट बघत बसतो. मादीचा धागा सुभद्रीचा होता. माझे डोळे लकाकले, कारण शेजारच्या खोलीचा धागा म्हणजे चोवीस वर्षं न सापडलेला नर. मग खाली ओळ उमटली. हा नर आधीच नोंदलेला आहे, एकोणीसशे सात, मेजर पिल्किंग्टन.

हा मेजर आमच्या भागात मुक्कामाला होता दोन दिवस. डुकराच्या शिकारीला आला, जाताजाता कातळावरून एक कोळी उचलला, स्पिरिटच्या बाटलीत घातला, आणि विलायतेला जाऊन त्याला स्वतःच्या मेहुण्याचं नाव दिलं. चित्र इतकं गचाळ काढलं की शंभर वर्षं कुणाला ओळखू येऊ नये. पण नाव आधीचं, म्हणजे तेच राहणार आणि सुभद्री बुडणार.

"काय झालं, मॅडम?" अन्वरभाईंनी विचारलं.

"काही नाही. पुरावा अपुरा वाटतोय," मी म्हटलं आणि संशय दाबलं.

पुरावा अपुरा नव्हता. त्याहून चोख पुरावा मी आयुष्यात पाहिला नव्हता. दहा दिवस मी नीट जेवले, नीट झोपले, आणि स्वतःला समजावत राहिले की एका कोळ्याच्या नावाने कुणाचं काय बिघडतं.

अकराव्या दिवशी अन्वरभाई माझ्या टेबलाशी येऊन उभे राहिले. "मॅडम, चरखा बिघडलाय. परवापर्यंत जी जोडपी त्याने जुळवली होती ती आता फोडतोय."

"किती?"

"काल संध्याकाळपर्यंत तीनशे सतरा. केरळात, आसामात, श्रीलंकेतही. शेजारच्या खोलीत नर बसलेला आहे, धागा दिसतोय, आणि हा म्हणतो संशय. मी सगळं उघडून पाहिलं. यंत्रात काही दोष नाही."

जोडपिशवीचा इतका स्वच्छ पुरावा समोर असताना घवाळी मॅडम संशय म्हणतात, म्हणजे जोडपिशवी हा पुरावाच नव्हे, असं चरखा माझ्याकडून शिकला होता. जगातल्या सातातल्या एकीचा शब्द त्याने प्रमाण मानला होता. मी एक नाव वाचवायला गेले आणि तीनशे सतरा संसार मोडले.

मी अन्वरभाईंना सगळं सांगितलं. आईचं नाव, मेजर, बटण, काही लपवलं नाही.

"मी इंजिनं दुरुस्त करायचो," ते म्हणाले. "इंजिनाला खोटं शिकवता येत नाही. याला येतं, हे मला कुणी सांगितलं नव्हतं." मग त्यांनी तारीख पाहिली. "दिलेला शेरा पंधरा दिवसांत मागे घेता येतो. तुमच्याकडे रविवारपर्यंत वेळ आहे. त्यानंतर तो बाकीच्या सहा जणांच्या चरख्यांत पक्का बसेल."

त्या दिवशी घरी गेल्यावर मी आईला सांगायला बसले. ती कुळीथ निवडत होती. नर, मादी, दोन नावं, आधीचं नाव राहतं, मी दाबलेलं बटण, सगळं समजावलं. तिला एका झटक्यात कळलं.

"म्हणजे माझं नाव पुसणार," आई म्हणाली. "आणि पुसणार कोण, तर तू."

"पुसत नाही गं. खाली बारीक अक्षरात राहतं, की पूर्वी असंही नाव होतं."

"वरती पुरुषाचं, खाली माझं. ते मला रेशनकार्डावर हायच की. त्यासाठी तुला एवढं शिकवायला नको होतं."

"आई, तीनशे सतरा जोडपी..."

"तू आधी दाबलंस तां बटण ऱ्हाऊ दे. एवढं वय झालं, मी तुझ्याकडे कधी काय मागितलं?"

खरंच तिने कधीच काही मागितलं नव्हतं. मी उठून आत गेले, कारण तिथे थांबले असते तर हो म्हणून बसले असते. दोन दिवस ती माझ्याशी बोलली नाही. माझं ताट झाकून ठेवायची आणि मागीलदारी जाऊन बसायची. मला वाईट वाटत होतं आणि तिचा रागही येत होता, दोन्ही एकाच वेळी.

शनिवारी सकाळी ती नवं लुगडं नेसून दारात उभी. "तुझ्या यंत्राला रेशीम वाचता येतं ना? किती जुनं येतं?"

"धागा टिकला असेल तितकं. का?"

"जो आधीचा त्याचं नाव, असंच ना तुमचं? मग चल सड्यावर. तिथं कातळाचा कापूस हाय. माझ्या आजीच्या आजीनेबी तिथूनच आणलेला. पोरांना लागलं-कापलं की त्याच्या कडेचा पापुद्रा लावायचो, रक्त थांबायचं. तुझ्या गुडघ्यालापण लावलाय. त्यात ह्या पिवळ्या असतात, मी बघितल्यात. वाच तां, आणि मग सांग साहेब आधी की ती आधी."

नियम नावाच्या वयाचा आहे, कोळ्याच्या वयाचा नाही, हे मी तिला सांगू शकले असते. पण माझ्या डोक्यात वेगळीच घंटा वाजली. पिशवी कोळ्याची पिशवी एक मोसम टिकते. आजीच्या आजीपासूनची पिशवी असूच शकत नाही. मी अन्वरभाईंना फोन केला.

सड्यावर गवत पिवळं पडलं होतं. आई काठी टेकत पुढे आणि आम्ही चरख्याची पेटी घेऊन मागे. एका करवंदीच्या जाळीमागे जांभ्या दगडाची पुढे आलेली कड होती, तिच्या पोटात एक भोक. पाऊस आत पोचत नाही असं. मी बॅटरी मारली. आत नारळाएवढा मळकट पांढरा गोळा दगडाला घट्ट धरून होता. मी या सड्यावर तीस वर्षं फिरते आणि तो मी बुरशी समजून कितीदा ओलांडला असेन.

अन्वरभाईंनी चरख्याला केसाएवढी पोकळ सुई जोडली आणि गोळ्यात हळूच टेकवली. सुई आत जाईल तसतशी ती एकेका थराचा धागा ओढून वाचणार होती. पडद्यावर पहिली ओळ आली. सुभद्री, मादी. दुसरा थर, सुभद्री, मादी. तिसरा, चौथा, दहावा.

"हे काय चाललंय?" अन्वरभाईंनी विचारलं.

प्रत्येक थरात दोन प्रकारच्या खुणा होत्या. आई-कोळ्याचा धागा, आणि त्यावर पिल्लांच्या तोंडातल्या पेशी. या कुळातल्या काही माद्या अंडी घातल्यावर पिशवी आतून बंद करून घेतात. पिल्लं बाहेर आली की आईलाच खातात, आई हलत नाही. हे आधीपासून माहीत होतं. माहीत नव्हतं ते पुढचं. वर्षाने त्या पिल्लांतली एक लेक पुन्हा याच भोकात यायची आणि आईच्या रिकाम्या पिशवीवर स्वतःचा थर चढवायची. पेशीतला एक छोटा वारसा फक्त आईकडून येतो, बापाचा त्यात काही भाग नसतो. तो वारसा प्रत्येक थरात अक्षर न अक्षर तोच निघत होता. थर म्हणजे वर्ष, आणि प्रत्येक थर ही खालच्या थराची मुलगी.

मी आईला हे सांगितलं तेव्हा ती खाली कातळावर बसली. "म्हणजे लेकी खातात आईला."

"हो."

"आणि ती देते?"

"देते."

"मी नाय बाबा दिलं," आई म्हणाली. "मी भाकरी घातली." पण तिची नजर पडद्यावरून हटली नाही.

शंभरावा थर गेला. दोनशेवा गेला. चारशेव्या थराला अन्वरभाईंनी टोपी काढून हातात घेतली. का घेतली ते मी विचारलं नाही, माझेही हात जुळल्यासारखे झाले होते. पाचशे. सातशे. एकही थर चुकलेला नाही, एकही परकी मध्ये घुसलेली नाही. दुष्काळ गेले, वादळं गेली, सड्यावर वणवे लागले असतील, आणि दर वर्षी एक कुणीतरी परत आली होती. नऊशे बाराव्या थराला सुई दगडाला टेकली. कोकणात शिलाहार राजे होते तेव्हा पहिली इथे येऊन बसली होती.

मी वर्गीकरणात आयुष्य घालवलं. बाटल्या, चिठ्ठ्या, नावं, कुठलं आधीचं आणि कुठलं नंतरचं. त्या सगळ्या काळात ही माझ्या घरापासून अर्ध्या तासावर, कुठल्याही चिठ्ठीशिवाय, चाललेली होती. मला रडू आलं आणि मी ते लपवलं नाही.

आईने विचारलं, "साहेब आला तो थर कुठला?"

अन्वरभाईंनी पडदा मागे नेला. "वरून एकशे पस्तिसावा."

"त्याने हिचा नवरा नेला?"

"हिचाच, असं मला म्हणता येणार नाही," मी म्हटलं. "पण याच कातळावरचा नेला."

"आणि हिचं काय झालं?"

"ही इथेच राहिली. पिल्लं झाली, त्यांनी हिला खाल्लं, एक लेक परत आली. म्हणून तर वरचे एकशे चौतीस थर आहेत."

"आणि तो?"

"विलायतेत बाटलीत आहे. रंग उडालाय, एक पाय तुटलाय. बाटलीवर चिठ्ठी आहे."

आई कातळावर हात टेकून बसली होती. ती रागावलेली नव्हती, दुःखीही दिसत नव्हती. तिने एकदा गोळ्याकडे पाहिलं आणि मग माझ्याकडे.

"दे गो ते नाव त्याला," ती म्हणाली. "त्याच्याजवळ दुसरं काय हाय?"

मी तिथेच पडद्यावर शेरा मागे घेतला आणि कबूल दाबलं. थोड्या वेळाने अन्वरभाई हळूच म्हणाले की केरळातली जोडपी परत जुळायला लागली आहेत. आईचं तिकडे लक्ष नव्हतं. ती भोकात वाकून पाहत होती आणि तिने मला मनगटाला धरून खाली ओढलं. आत, सगळ्यांत वरच्या थराला, सुईने पाडलेलं भोक होतं. एक फिकी पिवळी मादी भर दिवसा आतून ते भोक बुजवत होती. एक धागा, मग दुसरा, पायाने दाबून. आम्ही तिघं आवाज न करता, भोक पूर्ण मिटेपर्यंत तिथेच वाकून राहिलो.